पाटोद्याच्या माळवदाखाली कलेचा इतिहास

"कलेचा इतिहास? आणि तोही पाटोद्यात बसून?"

गेल्या अडीच वर्षांत हा प्रश्न मला इतक्या मंडळींनी विचारला आहे की, त्याचे उत्तर एकदाचे छापून टाकावे म्हणजे सुटले, असे वाटू लागले आहे. पुण्याच्या नणंदबाईंनी तो फराळाच्या ताटावरून विचारला, बँकेतल्या साहेबांनी फी भरताना विचारला, आणि आमच्या सासूबाई तर तो निरनिराळ्या शब्दांत रोजच विचारीत असत. प्रश्नाचे भाग दोन. चाळिशी ओलांडलेल्या, संसारात गळ्यापर्यंत बुडालेल्या बाईने असला बिनकामाचा विषय घ्यावाच का, हा पहिला. आणि ज्या गावात चित्रसंग्रहालय नाही त्या गावात हा विषय शिकता तरी कसा येईल, हा दुसरा.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे शहरांतल्या वाचकांनाही उपयोगी पडावीत, कारण कलेपासूनचे अंतर हे काही नेहमी मैलांतच मोजायचे नसते. जहांगीर आर्ट गॅलरी मुंबईत १९५२ सालापासून उभी आहे. पण तिच्यावरून रोज ये-जा करूनही तिची पायरी कधी न चढलेली घरे आमच्याच नात्यात चार-दोन निघतील!

आमचे गाव

पाटोदा म्हटले की शहरातली मंडळी लगेच, "ते आदर्श गाव का?" असे विचारतात. ते पाटोदा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले. भास्करराव पेरे-पाटलांमुळे नावारूपाला आलेले. आमचे पाटोदा बीड जिल्ह्यातले, तालुक्याचे ठिकाण. बीडहून मांजरसुंब्याला यावे आणि तेथून जामखेडच्या रस्त्याला लागावे, म्हणजे ते लागते. बालाघाटाच्या डोंगरपठारावरचा हा मुलूख. पाऊस बेताचा, जमीन हलकी, ज्वारी-बाजरीची शेते आणि माळामाळांवर सीताफळाची झाडे. बीडच्या या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तालुक्यातल्या सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली झेप घेते आणि त्या दरीच्या तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. पावसाळ्यात दुरून दुरून माणसे ते पाहायला येतात.

याच मुलखातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. इतर ठिकाणची दिवाळी माणसे घरी येण्याची असते. आमच्याकडच्या कितीतरी वस्त्यांची दिवाळी माणसे घर सोडण्याची असते. अशा गावात आमच्या ह्यांचे खते-बियाण्यांचे दुकान आहे. मागे आमचे जुने घर, जाड भिंतींचे आणि वर मातीचे माळवद असलेले. त्या माळवदाखालच्या मधल्या खोलीत माझे विद्यापीठ भरते.

विद्यापीठ घरी कसे येते

घरबसल्या शिकण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. पुढे १९८२ साली हैदराबादला देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्या काळी टपालाने पुस्तके येत. आता सारेच मोबाईलवर नाही तर संगणकावर येते. २०२० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांचे नियम एकत्र करून दिले, आणि मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे २०२२ साली पुन्हा स्पष्ट केले. "ही खरी पदवी की खोटी?" असे विचारणाऱ्या आमच्या भाऊजींना मी तेवढे वाक्य पाठ करून ऐकवते.

मात्र वाचकांना एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. फी भरण्यापूर्वी त्या विद्यापीठाला तो अभ्यासक्रम ऑनलाइन चालविण्याची परवानगी आहे की नाही, हे आयोगाच्या यादीत स्वतः पाहावे. जाहिरातीवर आणि गोड बोलणाऱ्या दूरध्वनीवर विसंबू नये. मुलीचे स्थळ पाहताना आपण जेवढी चौकशी करतो, तेवढी येथेही करावी.

नुसत्या कलेतिहासाची बी.ए. पदवी आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही. इंग्लंडच्या १९६९ साली स्थापन झालेल्या ओपन युनिव्हर्सिटीत ती आहे. आपल्याकडे हा विषय प्रामुख्याने पदवीनंतरच्या वर्गांत, बडोद्यासारख्या ठिकाणी नांदतो. तेथे महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विभाग १९५० साली सुरू झाला. म्हणून मी मधला मार्ग धरला. मुख्य विषय इतिहास, आणि आपल्या आवडीने घ्यावयाचे जेवढे पेपर तेवढे सगळे कलेचे. त्यांतले काही 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून घेतले. हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले असून तेथील श्रेयांक पदवीत धरले जातात.

दिनक्रम असा : पहाटे पाच ते सात मी आणि माझे व्याख्यान. एका श्रेयांकाला साधारण तीस तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे चार श्रेयांकांच्या एका पेपराला एकशेवीस तास. हे तास धुणे, स्वयंपाक आणि दुकानाची वही यांच्यामधून चोरावे लागतात. आठवड्यातून एक-दोनदा संध्याकाळी प्राध्यापक प्रत्यक्ष पडद्यावर येतात. त्या वेळी वीज गेली, की मी मोबाईल घेऊन माळवदावर चढते, कारण इंटरनेटची रेघ तेवढी तेथे बरी लागते. शेजारच्या मावशींना बरेच दिवस वाटत होते की मी रोज संध्याकाळी माहेरी बोलण्यासाठीच वर जाते!

चित्र काढणे वेगळे, चित्र वाचणे वेगळे

"मग आता आमच्या नातवाचं चित्र काढून द्या की," असे मला पुष्कळ जण म्हणतात. कलेचा इतिहास शिकणे म्हणजे चित्रे काढायला शिकणे नव्हे. चित्र काढण्याचे प्राथमिक शिक्षण आपल्याकडे शाळेत असतेच. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षा मराठी घरांत कुणाला ठाऊक नाहीत? दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळतात, म्हणून मुले त्यांना हौसेने बसतात. परंतु ते चित्र कुणी, कशासाठी, कुणाच्या पैशाने काढले. त्या दगडाला तोच आकार का दिला. आधीच्यापेक्षा नंतरचे वेगळे कसे झाले, हे विचारायला आपल्याला कुणी शिकवीत नाही. कलेचा इतिहास शिकवतो तो हे.

त्याची एक साधी पण मोठी नामी रीत आहे. दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवायची आणि फरक सांगायचा. हाइनरिख वोल्फलिन या स्विस पंडिताने दोन चित्रदीप लावून, भिंतीवर दोन चित्रे एका वेळी दाखवून शिकविण्याची पद्धत रूढ केली. आज आमचे प्राध्यापक संगणकाच्या पडद्यावर तेच करतात. आपण बायका लुगड्याच्या दुकानात दुसरे काय करतो? दोन पातळे मांडीवर शेजारी पसरल्याशिवाय कोणत्याच्या काठात कसर आहे ते कळत नाही. तेव्हा ही पद्धत आपल्या हाडीमासी आहेच. तिला फक्त नवा विषय द्यायचा.

नकलेवर शिकलेले जग

आता दुसरा प्रश्न. खरे चित्र डोळ्यांसमोर नसताना, हातभर पडद्यावर पाहून काय शिकणार?

अभ्यासातच मला याचे उत्तर सापडले, आणि ते वाचून धीरही आला. आधुनिक कलेतिहासाचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात, त्या विंकेलमान या जर्मन पंडिताने प्राचीन कलेचा आपला ग्रंथ १७६४ साली प्रसिद्ध केला. ग्रीक शिल्पांचे त्याने केलेले गुणगान युरोपभर गाजले. पण हा गृहस्थ ग्रीसला कधीच गेला नव्हता! त्याने रोममध्ये बसून जे पाहिले त्यातले पुष्कळसे ग्रीक मूर्तींच्या रोमन नकलाच होत्या. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली निघाले. तेथील विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या नकला समोर ठेवून रेखाटन शिकल्या. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली औंधला जे संग्रहालय उघडले, त्यात पाश्चात्त्य श्रेष्ठ चित्रांच्या नकला मुद्दाम करवून लावल्या. रयतेला युरोपला नेता येत नाही, तर युरोपची चित्रे डोंगरावर आणावीत, हा त्यामागचा विचार असावा.

फार काय, आपला अजिंठा तरी जगाला कसा कळला? १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती लेणी पडली. १८४४ साली रॉबर्ट गिल याला चित्रांच्या नकला करण्यासाठी धाडण्यात आले. तो वर्षानुवर्षे तेथे राबला. त्याची चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली होती. १८६६ च्या आगीत बहुतेक सारी भस्मसात झाली. मग १८७२ पासून जे. जे. चे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत बसले. तेरा वर्षे काम चालले. त्या नकला लंडनला गेल्या आणि १८८५ साली तेथे लागलेल्या आगीत त्यांतल्याही पुष्कळ गेल्या. पुन्हा १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्या हाताखाली नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण होते. शेवटी निजामाच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्याचे ग्रंथ काढले, तेव्हा ती चित्रे छायाचित्रांच्या रूपाने जगभरच्या अभ्यासकांच्या टेबलावर गेली.

दोनदा आग लागली तरी माणसे पुन्हा नकला करायला बसली. नक्कल ही मुळाची जागा घेत नाही हे त्यांनाही ठाऊक होतेच. पण जो लेण्यापर्यंत पोहोचू शकत नाही त्याच्यापर्यंत लेणे पोहोचवण्याचा तोच एक रस्ता होता. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ सालापासून आपल्याकडील लाखो चित्रे कुणालाही फुकट वापरायला मोकळी केली आहेत; ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनेही तेच केले आहे. भारतातल्या राष्ट्रीय संग्रहालयांतील वस्तूही सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. पाटोद्यात बसून मी रेम्ब्रांटच्या चित्रातली कुंचल्याची रेघ इतक्या जवळून पाहते, की प्रत्यक्षात तेवढे जवळ गेले तर पहारेकरी हात धरून बाहेर काढील.

पडद्याला एक गोष्ट मात्र साधत नाही. तो आकार सांगत नाही. मुंगी आणि हत्ती त्याला सारखेच! त्यावर आमच्या घरात एक तोड निघाली. मोनालिसाचे चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे. मी वर्तमानपत्रे चिकटवून बरोबर तेवढा कागद कापला आणि भिंतीला लावला. "एवढीशीच?" म्हणून सारे घर चकित झाले. मग पिकासोच्या 'गेर्निका'ची पाळी आली. ते साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब. ते भिंतीवर मावेना, म्हणून मुलांनी दुकानामागच्या अंगणात खडूने चौकोन आखला. खताच्या गोण्या उतरवायला आलेले हमाल त्या चौकोनाच्या कडेने चालू लागले, एकाने विचारले, "ताई, इथं कुणाचं घर बांधायचंय का?" स्पेनमधले एक गाव १९३७ साली विमानांनी बेचिराख केले, त्याचे हे चित्र आहे, असे मी सांगितले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग एवढं मोठं पाहिजेच."

माझ्या त्या स्वाध्यायाला गुण काय मिळाले ते आता आठवत नाही; हे वाक्य मात्र वहीत लिहून ठेवले आहे.

सासूबाई आणि अजिंठ्याचा गिलावा

दुसऱ्या वर्षी भित्तिचित्रांचा पेपर होता. अजिंठ्याची चित्रे खडकावर थेट काढलेली नाहीत. आधी खडबडीत खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस, गवत, झाडांचे धागे मिसळलेले. त्यावर बारीक थर, मग चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर रंग. काळा काजळीचा, तांबडा आणि पिवळा गेरूच्या जातीच्या मातीचा, हिरवाही एका मातीचा. निळा तेवढा लाजवर्दी दगडाचा, दूर देशाहून आणलेला. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले आढळल्याचे राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केले.

हे मी मोठ्याने वाचीत होते. सासूबाई दाराशी शेंगा फोडीत बसल्या होत्या. आजवर माझ्या अभ्यासाकडे त्यांनी पाठ फिरवलेली. त्या एकदम म्हणाल्या, "त्यात नवल काय? चिखलात भुसकट घालून आठ दिवस कुजू दिल्याबिगर भिताड धरतंय का कुठं?"

मी वही पुढे ओढली. भुसकट किती, पाणी किती, चिखल का कुजवायचा, भेगा केव्हा पडतात, पांढऱ्या मातीचा हात कधी द्यायचा, माळवदाला कोणती माती चालते आणि कोणती गळते, हे सगळे त्यांनी दीड तास सांगितले. चाळीस वर्षे त्यांनी हे घर स्वतःच्या हातांनी सावरले आहे. पण ही विद्या आहे असे त्यांना कधी कुणी म्हटले नव्हते. माझ्या स्वाध्यायात मी त्यांचे म्हणणे त्यांच्या नावानिशी घातले. प्राध्यापिकाबाईंनी शेरा लिहिला की, वर्गात त्याचे वाचन व्हावे. त्या संध्याकाळी सासूबाई पदर सारखा करून माझ्या शेजारी पडद्यासमोर बसल्या. रोजचा प्रश्न त्यानंतर बंद झाला.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही सारी अजिंठ्याला गेलो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभे राहिल्यावर पडदा आणि मूळ यांतला फरक कळला. पडद्यावर चित्र उजळ आणि एकटे असते. तेथे ते अंधारातून हळूहळू वर येते आणि भोवती सारा माणसांचा, झाडांचा, माकडांचा संसार असतो. सासूबाईंनी मात्र आधी पाहिले ते जेथे रंग उडून गिलावा उघडा पडला होता तेथे. "भुसकट दिसायलंय बघ," त्या हळूच म्हणाल्या. शेकडो यात्रेकरूंत तेवढे पाहणारा डोळा त्यांचाच असेल.

बहिणीने भावासाठी बांधलेले देऊळ

या विषयाने मला आणखी एक गोष्ट दिली. ती म्हणजे आपला जिल्हा. बीडचे कंकालेश्वराचे देऊळ तळ्याच्या पाण्यात उभे आहे. तीन गाभाऱ्यांचे, तारेसारख्या कोनांचे ते देऊळ मी लहानपणापासून पाहत आले. त्याच्या बाहेरच्या अंगावर शस्त्रे घेतलेल्या स्त्रियांच्या मूर्ती आहेत, त्यांच्याकडे निरखून पाहिले ते या अभ्यासामुळे. अशा सर्वच देवळांना आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्रिपंडित यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आणि अंबरनाथचे देऊळ शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे! तेव्हा या नावाने काळ ठरत नाही, हे लक्षात ठेवावे.

दिवाळीच्या अंकात सांगण्यासारखी गोष्ट आहे ती अंबाजोगाईची. देवगिरीच्या सिंघण यादवाचा खोलेश्वर नावाचा सेनापती होता. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत नर्मदेच्या काठी लढताना पडला. त्या रामाची बहीण लक्ष्मी. तिने भावाच्या स्मरणार्थ अंबाजोगाईला रामनारायणाचे देऊळ उभारले, असे शके ११६२ चा, म्हणजे १२४० सालचा शिलालेख सांगतो. आठशे वर्षे होत आली. भाऊबीजेला भावाला ओवाळणाऱ्या बहिणी घरोघरी आहेत; न परतलेल्या भावासाठी दगडात दिवा लावणारी ही बहीण आमच्या जिल्ह्यातली. मी इतिहासाच्या पुस्तकात यादवांच्या स्वाऱ्या पाठ केल्या होत्या. लक्ष्मी मला भेटली ती कलेच्या इतिहासात.

सात दगड

शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो. मी तालुक्यातल्या एका गावचे वीरगळ घेतले. गावाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात कुणाचा उणेपणा दाखवायचा नाही.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची शिळा. तो खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडलेला किंवा झुंजत असलेला. बाजूला गाई कोरल्या असतील तर तो गुरे सोडवताना मेला असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत असतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. अगदी वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची आठवण राहो. सतीच्या शिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो.

त्या गावात असे सात दगड होते. दोन देवळाच्या भिंतीशी, एक शेंदूर लावून म्हसोबा झालेला, एक विहिरीवर धुणे धुण्याचा, एक गोठ्याच्या उंबऱ्याशी, दोन बांधावर पालथे. मी मोजमापे घेत होते तेव्हा एका आजोबांनी विचारले, "काय बघायलीस माय त्या दगडात?" त्यांच्याकडूनच कळले की देवळाचा जीर्णोद्धार व्हायचा आहे, नवा सभामंडप घालायचा आहे आणि "हे पडलेले धोंडे" पायात भरायचे ठरले आहे.

आता इलाज काय? महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९६० चा. पण त्याचे कवच संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूंना. देशाचा पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा. शंभर वर्षांहून जुने शिल्प त्यात येते. परंतु खेड्यातल्या गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत कायदा चालत येत नाही. तेथे गावकऱ्यांचे मन हाच कायदा. मी ह्यांना घेऊन देवळातल्या बैठकीला गेले. भाषण केले नाही. ओल्या फडक्याने एक दगड पुसला आणि बॅटरीचा उजेड आडवा धरून, खालून वर, चौकटीमागून चौकट वाचून दाखविला. "ह्या गाई. हा त्यांच्यामागे धावलेला. हा पडला तो. ह्या त्याला न्यायला आल्या." मंडपात अगदी शांत झाले. मघाचेच आजोबा पुढे आले, वाकून त्यांनी त्या गाईंवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "म्हंजी ह्यो गावचाच गडी की. ह्याला पायात घालावं का?"

सगळे काही मनासारखे झाले असे नाही. बांधावरचा एक दगड त्याआधीच पायात गेला होता. देवळाचे जुने खांबही चंदेरी तैलरंगाने रंगविले गेले. असा रंग दगडाची छिद्रे बुजवतो, आतला ओलावा बाहेर पडू देत नाही आणि कालांतराने दगडाचे पापुद्रे निघतात, हे मी सांगितले होते. पण वर्गणीदाराचा आग्रह मोठा ठरला. म्हसोबा मात्र जागचा हलला नाही, हे बरेच झाले. त्याची पूजा हीच त्याची राखण. उरलेले पाच दगड देवळाच्या उत्तरेला ओटा बांधून ओळीने उभे केले आहेत. प्रत्येकाचे माप, छायाचित्र आणि जागा मी प्रकल्पात नोंदली असून एक प्रत गावच्या शाळेत ठेवली आहे.

उपयोग काय?

राहिला पहिला प्रश्न. प्रांजळपणे सांगायचे तर या पदवीने मला नोकरी लागणार नाही. संग्रहालयांतल्या बहुतेक जागांना याच्या पुढची पदवी लागते, आणि त्या जागाही थोड्या. व्याख्याने बहुतेक इंग्रजीत असतात. कोश जवळ ठेवून सुरुवातीला एकेक तासाचे व्याख्यान दोन-दोन दिवस ऐकावे लागते. चर्चा करायला शेजारी कुणी नसते. तरुण मुलामुलींनी पोट कशावर भरायचे याचा हिशेब आधी करून मगच या वाटेला यावे.

परंतु मराठी वाचकाला ही वाट अगदीच अनोळखी नाही. ग. ह. खरे यांचे 'मूर्तिविज्ञान' आहे. मराठवाड्यातील मंदिरांवर गो. बं. देगलूरकरांनी आयुष्यभर काम केले आहे; मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो; आणि सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादिलेला 'शिल्पकार चरित्रकोशा'चा दृश्यकला खंड २०१३ पासून आपल्या हाताशी आहे. पदवीला नाव न घालताही एवढे वाचणाऱ्याचे डोळे बदलतील. आमच्या घरचे तर बदललेच. ह्यांना आता कोणत्याही देवळात गेल्यावर आधी खांब दिसतात आणि मग देव!

सुटीत आपापल्या गावी जाणाऱ्या मंडळींना म्हणून एक काम सांगते. दर्शन झाले की देवळाच्या मागच्या बाजूला, पारावर, विहिरीच्या कडेला एक चक्कर मारा. तेथे कोरीव दगड दिसला तर त्याला हलवू नका, आम्लाने धुऊ नका, रंगवू देऊ नका. ओल्या फडक्याने धूळ पुसा, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्या, वितीने का होईना माप घ्या, आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला त्याचे नाव विचारा. ते सारे कागदावर उतरवून एक प्रत शाळेत द्या. रंगाचे डबे बहुधा दिवाळीनंतर उघडतात. तेव्हा हे काम याच सुटीत उरकलेले बरे.